नकाशातलं पाणी

पालीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या कुशीत धनगरांची चार-दोन घरं आहेत. त्यातल्या चतुराबाईला पाठीमागं सगळे 'चाळणी' म्हणत. तिच्यापुढं काहीही बोला, बाई ते आधी चाळणार, खडे बाजूला काढणार आणि उरलं तरच पदरात घेणार. नवरा बद्रीनाथ नेमका उलट्या स्वभावाचा. वाटेवरच्या माणसानं सांगितलं की लिंबागणेशला आज फुकट बियाणं वाटतेत, तर हा पिशवी घेऊन निघायचा. त्यामुळं घरात संशय घ्यायचं काम एकटीच्या वाट्याला आलं आणि तिनं ते जन्मभर नेटानं केलं.

तिच्या संशयानं वाडीचं भलंही झालं होतं. पूर्वी गावातल्या बायका एका खाजगी केंद्रावर दूध घालायच्या. चतुराबाई रोज घरून आपल्या तांब्यानं मोजून दूध न्यायची आणि केंद्रावर ते रोज कमी भरायचं. तिनं एक दिवस ते माप हातात घेतलं, बोटानं आत चाचपलं आणि सगळ्यांसमोर उताणं केलं. माप आतून ठोकून ठोकून त्याला पोट काढलेलं होतं. केंद्रवाला पुन्हा वाडीकडं फिरकला नाही. त्या रिकाम्या जागी बायकांची दूध संस्था उभी राहिली आणि चतुराबाई तिची संचालक झाली.

पण ह्याच स्वभावानं तिनं घरचंही एक काम नासवलं होतं. लेकीला, शिवकन्येला, केजचं चांगलं स्थळ आलं होतं. पोरगा एसटीत कंडक्टर, माणसं साधी, सुपारी फुटायची तेवढी बाकी. बाईला ती माणसं फार गोड वाटली आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणाला न सांगता ती जीपमध्ये बसून केजला गेली आणि पोराच्या गल्लीत घरोघर विचारत सुटली, पितो का, पहिलं लग्न झालंय का, आई सुनांना छळते का. दुपारपर्यंत ते त्या घरच्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला की असल्या घरची मुलगी आम्हाला झेपणार नाही. पोरगा निर्व्यसनी होता. शिवकन्या पुढं बीडला नर्सिंग शिकायला गेली, ती सणावारालाच घरी येई आणि आईशी कामापुरतं बोले. चतुराबाईनं कुणापुढं कबूल केलं नाही, पण केजची गाडी दिसली की तिची मान दुसरीकडं वळायची.

तर लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पालीजवळचं बिंदुसरा नदीचं धरण तळापर्यंत आटलं. गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. भिंतीखालच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. ताडपत्र्या, बांबू, दावणीला बांधलेली गुरं, चाऱ्याला आणलेले उसाचे वाढे आणि शेणाचा वास. चतुराबाई दोन म्हशी, एक गाय आणि शेरडं घेऊन छावणीतच राहायला आली. शेजारच्या पालात तिची जिवाभावाची छबुबाई होती.

छावणी चालवायला घेतली होती सुंदररावांच्या सहकारी सोसायटीनं. सुंदरराव म्हणजे भागातलं मोठं प्रस्थ. सोसायटीचे चेअरमन, कारखान्यावर संचालक, लग्नात पहिला मान त्यांचा आणि मयतीत पहिला खांदा त्यांचा. पांढऱ्या कपड्यांत छावणीतनं फिरायचे, जनावराच्या पाठीवर हात ठेवायचे, बायकांना नावानिशी हाक मारायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाण्याच्या टँकरवर बंकट नावाचा ड्रायव्हर होता. टँकर यायचा, पण हौद कधी काठोकाठ भरायचा नाही. बंकट म्हणायचा, रस्ता खराब हाय, वाटंत सांडतं.

आषाढात ढग यायला लागले. दुपारी काळंभोर आभाळ भरून यायचं, माणसं पालातनं बाहेर येऊन उभी राहायची. आणि नेमकं त्याच सुमाराला ते विमान यायचं.

आधी आवाज यायचा नाही. दक्षिणेकडच्या डोंगरामागनं ते एकदम वर निघायचं, इतकं खाली की पोटावरचे पट्टे दिसायचे, आणि आवाज त्याच्या मागनं फुटायचा. म्हशी दावं तोडायच्या. छबुबाईची पहिलारू म्हैस एकदा अशी बुजली की माळ ओलांडून थेट रस्त्यावर गेली. विमान धरणावर आलं की एका अंगावर कलायचं, एक गिरकी घ्यायचं, कधी दोन, आणि निघून जायचं. मागं धुराची काळपट रेघ राहायची. संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळं. पावसाचा टिपूस नाही.

एकदा झालं, दोनदा झालं. मग लोक बोलायला लागले. औरंगाबादेत सरकारनं पाऊस पाडायचं विमान आणलंय, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. ढगात औषध मारून पाऊस पाडता येतो, तर औषध मारून ढग पळवताही येत असणार, हे सांगायला कुणी शिकलेला लागत नव्हता.

सुंदररावांनी तर एक दिवस हौदापाशी उभं राहून सांगितलं, "माझ्या कानावर लई दिवसांपासून हाय. पश्चिमेकडच्या बागवाल्यांनी भाड्यानं आणलंय ते इमान. द्राक्षाला पाऊस चालत न्हाई ना. आपल्या वाट्याचा ढग फोडून टाकतेत. मी वर बोललोय, पण आपलं ऐकतंय कोण."

चतुराबाईच्या मनाला हे पटलं. तिनं सगळं नीट पाहिलं होतं. विमान दुसरीकडं कुठं घुटमळत नव्हतं, नेमकं ह्याच धरणावर घुटमळत होतं. नुसतं वाटेनं जाणारं असतं तर सरळ गेलं असतं. जो माणूस एकाच दारावरनं दोनदा जातो त्याचं त्या दारात काहीतरी काम असतं, हा तिचा जुना हिशोब होता.

"बीडला जाऊ," ती छबुबाईला म्हणाली. "साहेबाला इचारू, हितंच कावून घिरट्या घालतंय."

बायका बीडला गेल्या. सुंदररावांनी आपण होऊन जीप दिली. कचेरीतल्या साहेबानं निवेदन घेतलं, ते हवाई दलाचं विमान आहे, त्याचा ढगांशी संबंध नाही, असं सांगितलं आणि शेजारच्याकडं बघून हसला. त्या हसण्यानं चतुराबाईचा संशय पक्का झाला. सुंदररावांनी न मागता जीप दिली ह्याचंही तिला थोडं नवल वाटलं होतं. पण त्या दिवसांत तिची सगळी नजर वर लागलेली होती, खाली बघायला तिला सवड नव्हती.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ते घडलं. छावणीच्या पलीकडच्या ओढ्यात मेलेली जनावरं टाकत. त्यावर दिवसभर घारी घिरट्या घालत. दुपारी विमान आलं, धरणावर कललं, आणि ह्या खेपेला नेहमीची वाट सोडून डावीकडच्या टेकडीच्या रोखानं वळलं. चतुराबाई म्हशीला चारा टाकता टाकता वर बघत होती. घारींचा थवा उठला. विमान त्यातनं गेलं. थाळी आपटावी तसा आवाज झाला, मग खोकल्यासारखा एक आवाज, आणि मागं काळा लोट निघाला. विमान नाक वर करून थोडं चढलं. वरची काच फुटल्यासारखं काहीतरी उडालं, एकामागोमाग एक अशी दोन माणसं आभाळात फेकली गेली आणि त्यांच्यावर दोन छत्र्या उघडल्या. विमान एकटंच पुढं गेलं आणि धरणाच्या कोरड्या पोटात, पार पलीकडच्या टोकाला पडलं. जमीन हादरली. गाळाची धूळ झाडाएवढी उठली.

छावणीतली जनावरं दाव्याला हिसके द्यायला लागली. मग बंकटनं टँकरच्या पायरीवरनं उडी टाकली. "औषधवाले पडले. धरा बे, सुटून जातेल."

पुरुष पळाले. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता. एक छत्री भिंतीपलीकडं धरणात उतरत होती, दुसरी अलीकडं, बाभळींच्या रांगेत. लोक जवळच्या छत्रीकडं धावले. चतुराबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून त्यांच्या मागं गेली. ती पोचली तेव्हा हिरव्या पोशाखातला एक पोरगा दोरांत गुरफटून जमिनीवर बसला होता. डोक्यावरचं टोप त्यानं काढलं होतं. ओठ फुटला होता, एक पाय वाकडा पडला होता. भोवती कडं झालं होतं आणि बंकटनं काठी उचलली होती.

"थांब बे," चतुराबाई म्हणाली.

"काकू, ह्यानंच आपला पाऊस नेला."

"नेला असंल. मला त्याला इचारायचंय. मेल्यावर कोण सांगतंय? हाण काठी, मंग जा त्याच्या मागं वरी अन् इचारून ये."

बंकटची काठी खाली आली. चतुराबाईला पोराची दया आली म्हणून ती मध्ये पडली असं नव्हे. इतक्या दिवसांनी उत्तर देणारं माणूस हाती लागलं होतं आणि ते तिला धड हवं होतं. तिनं मागोमाग आलेल्या छबुबाईला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "त्या दुसऱ्याकडं जा. त्याला तितंच बसव. ह्या दोघांची गाठ पडू देऊ नको. आधी ह्याला इचारते, मंग त्याला. बोलणं जुळलं तर खरं."

मग ती पोरासमोर उकिडवी बसली. तिला निजामाच्या काळापासून ह्या भागात चालत आलेली हिंदी येत होती.

"कौन गाव का तू?"

पोरानं फुटका ओठ पुसला. "पाली का हूँ, माँजी."

कड्यात कुजबूज उठली. चतुराबाईचे डोळे बारीक झाले. "पाली? ये क्या पाली है. हम सब पाली के. तेरेकू तो किसीने देख्या नै."

"राजस्थान में है, माँजी. पाली जिला. मेरा नाम राठोड है."

आता तर बंकट हसलाच. राठोड म्हणजे तांड्यावरचा बंजारा, हे बीड जिल्ह्यात लहान लेकरालाही ठाऊक. पालीचा राठोड म्हणवतो आणि बंजाऱ्यासारखं बोलत नाही. चतुराबाईनं त्याच्या छातीवरची पट्टी बघितली. तिला अक्षरं लागत नव्हती, पण मागच्या एकानं ती वाचून सांगितली आणि नाव तेच निघालं. तिनं तेवढं धान्य चाळणीच्या खाली जाऊ दिलं.

"दवा किधर है?"

"कैसी दवा?"

"बादल भगाने की."

पोरगा तिच्याकडं बघत राहिला. त्याला हसू आलं नाही हे तिनं टिपलं. त्यानं कळेल अशा बेतानं सांगितलं की तो अजून शिकतोय. लढाऊ विमान हातात मिळण्याआधी ह्या विमानावर शिकावं लागतं. आजचा पाठ होता वाट शोधायचा. गुडघ्यावर नकाशा आणि मनगटावर घड्याळ, एवढ्यावर. डोंगराच्या उंचीनं उडायचं, ठरलेल्या खुणेवर पोचायचं, वळायचं, पुढची खूण गाठायची.

"मग यहाँच कायकू घुमते तुम?"

पोरानं पोशाखाच्या खिशातनं घडी घातलेला नकाशा काढला आणि एका निळ्या डागावर बोट ठेवलं. "ये देखिए. यहाँ पानी है. बड़ा तालाब. हम सबको यहीं से मुड़ना होता है. लेकिन ऊपर से पानी दिखता ही नहीं. जो भी आता है, एक चक्कर काटता है. सोचता है, रास्ता भूल गया."

 सगळ्यांच्या माना आपोआप धरणाच्या भिंतीकडं वळल्या. चतुराबाईनं नकाशावरच्या निळ्या डागाला हात लावला आणि काढून घेतला.

"मग आज उधर कायकू मुड्या? टेकडी की बाजू?"

"उधर हरा दिखा. चारों तरफ सब भूरा है, बस वहाँ एक हरा टुकड़ा है, पहाड़ी के पीछे. बीच में पानी भी चमका. मुझे लगा तालाब वही होगा. मैं गलत मुड़ गया."

 त्या टेकडीमागं सुंदररावांचं रान होतं. अण्णा स्वतः सांगत फिरत होते की आपलाही ऊस जळाला, विहिरीनं तळ गाठला, तुमच्यासारखाच मीही उघडा पडलो.  पोराला पाणी पाजायला सांगून चतुराबाई भिंतीवर चढली आणि पलीकडं धरणात उतरली.

दुसरा माणूस चाळिशीचा होता. पाठीला मार बसल्यानं तो भेगाळल्या गाळावर उताणा पडला होता आणि छबुबाई त्याच्या तोंडावर पदरानं सावली धरून बसली होती. चतुराबाई दिसताच त्यानं विचारलं, "मेरा लड़का कहाँ है?"

"पहले मेरेकू बता..."

"पहले लड़के का बताइए. ज़िंदा है?"

 दोघांना वेगळं ठेवायचं, एकाची खबर दुसऱ्याला लागू द्यायची नाही, असा चतुराबाईचा बेत होता. पण त्या माणसाला स्वतःची पाठ आठवत नव्हती. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिनं गोठ्यातल्या व्यालेल्या म्हशीच्या डोळ्यांत पाहिलं होतं, वासरू नजरेआड केलं की.

"हाय," ती म्हणाली. "पाय मुरगळ्या है. पानी पी रहा."

माणसानं डोळे मिटले. नंतर तिनं जे विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. पुढच्या जागेवर शिकणारा बसतो, मागच्या जागेवर शिकवणारा, आणि दोघांच्याही हातात विमान चालवायचं सगळं असतं, पोरगं चुकलं तर मागचा सावरतो. छबुबाई म्हणाली, "म्हंजी नव्या खोंडाला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपल्यावाणी." चतुराबाईनं ते त्याला आपल्या हिंदीत सांगितलं आणि त्यानं मान हलवली. ह्याच विमानावर पोरं नेम धरायला शिकतात, जोडीनं उडायला शिकतात, आणि वेळ पडली तर हे विमान लढाईतही कामाला येतं. औषध मात्र ह्यात कुठंच नसतं. आणि आज पोरगं टेकडीकडं का वळलं, असं चतुराबाईनं विचारलं.

"हरा देखकर," तो म्हणाला. "मैंने देख लिया था कि ये गलत जा रहा है. सोचा, जाने दूँ, फिर डाँटूँगा. उतने में पंछी आ गए."

एकाचं बोलणं दुसऱ्यानं ऐकलं नव्हतं, आणि दोघांनी तोच हिरवा तुकडा बघितला होता.

तेवढ्यात भिंतीवर पांढरी जीप येऊन थांबली. सुंदरराव लगबगीनं खाली उतरले, साहेबांना चहा आणा, पाणी आणा, बाजेवर घ्या असं सुरू झालं. चतुराबाईकडं वळून ते म्हणाले, "चतुरा, तुम्ही बाया आता छावणीत जा बरं. ही मोठी माणसं हायेत. त्यांना असलं काही इचारत नसतेत. काय म्हणत होते?"

"काही न्हाई अण्णा," ती म्हणाली. "वाट चुकलो म्हणत होते."

दिवस मावळायच्या आत हेलिकॉप्टर आलं आणि दोघांना घेऊन गेलं. पोरगा जाताना तिच्या पाया पडायला वाकला, पण पायामुळं त्याला वाकता आलं नाही. तिनंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यातही त्याच्या कपाळाला ताप आहे का ते बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई आणि छबुबाई शेरडं घेऊन टेकडीकडं निघाल्या. कुणी विचारलंच तर शेरडांच्या पाल्याला चाललो म्हणायचं ठरलं होतं. तारेच्या कुंपणाशी राखणदार होता. तो म्हणाला, इकडं काही न्हाई, सगळं वाळलंय, मागं फिरा. चतुराबाई बरं म्हणून मागं फिरली आणि ओढ्याच्या अंगानं टेकडीवर चढली.

वरनं दिसलं. पुरुषभर ऊस, काळाभोर, वाऱ्यानं सळसळत होता. पलीकडं डाळिंबाची बाग. मधोमध प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेलं शेततळं, आणि त्यात एक जाड पाइप पाणी ओकत होता. पाइपच्या ह्या टोकाला छावणीचा टँकर उभा होता. टपावर बसून बंकट बिडी ओढत होता.

छबुबाईनं टँकरकडं बोट केलं. "चतुरे, आपली जनावरं तितं जीभ काढून बसलेत गं."

 चतुराबाईला राग आला होता, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटत होती. गेल्या दोन महिन्यांत हजारदा तिनं आभाळाकडं बघितलं होतं. टँकरच्या मागं एकदाही चालत गेली नव्हती. वाटंत सांडतं म्हणाला, तर वाट ओली का नाही, एवढंसुद्धा तिनं पाहिलं नव्हतं. मापात बोट घालून बघणारी बाई, आणि तिला एका माणसानं वर बोट दाखवून गुंगवलं होतं.

ती खाली उतरून बंकटसमोर गेली. बंकट टपावरनं घसरतच खाली आला.

"काकू, मी हुकमाचा ताबेदार. अण्णा सांगतेत तिकडं गाडी नेतो."

"काल पोराला काठी हाणायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानं खाली बघितलं. "न्हाई कुणी. तेवढं माझं मला वाटलं. खरं सांगतो काकू, इमानाचं मला खरंच वाटलं होतं. पाणी हिकडं टाकत होतो तरी वाटायचं, पाऊस आला की फिटंल सगळं."

ती त्याच्यावर ओरडली नाही. छावणीत परत आली, आणि दोघी पालापालातनं फिरल्या. सगळ्यांना एकच सांगितलं, जनावरं सोडा, पाण्याला न्यायची हायेत. कुठं, ते चालता चालता कळालं. बद्रीनाथनं आधी विचारलं, "अण्णांनी सांगितलं का?" आणि ती म्हणाली, "व्हय, अण्णांचंच पाणी हाय." त्याला ते खरं वाटलं आणि तो गाय सोडून सगळ्यांच्या पुढं निघाला.

छावणीतली झाडून सारी गुरं त्या दिवशी टेकडीला वळसा घालून गेली. म्हातारे बैल, फासळ्या मोजाव्यात अशा गाई, भेलकांडत चालणारी वासरं. कुंपणाच्या अलीकडंच त्यांना पाण्याचा वास लागला आणि मग कुणाला हाकावं लागलं नाही. राखणदार बाजूला झाला. शेततळ्याच्या कडेनं गुरं दाटीवाटीनं उभी राहिली आणि माना खाली घालून प्यायला लागली. एवढी जनावरं एकदम पाणी पिताना जो आवाज होतो तो कितीतरी महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. बायका कुंपणाच्या खांबांना टेकून तो ऐकत राहिल्या.

सुंदरराव आले. त्यांनी गर्दी बघितली, टँकर बघितला, आणि आधी हसून बघितलं. "अगं चतुरा, मला म्हणायचं होतं. मी स्वतः पाजलं असतं. माझं शेत हाय हे, अशी गुरं घालायची का?"

"शेत तुमचंच हाय अण्णा. गुरं पाणी पिऊन जातेल. उसाला तोंड लावू देत न्हाई."

"लोकांच्या डोक्यात तू काय भरवती हाय?"

"मी न्हाई भरवलं. वरनं ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं. ह्या भागात त्यांना एवढंच हिरवं दिसलं."

सुंदररावांनी सभोवार बघितलं. रोज नमस्कार करणारी माणसं त्यांच्याकडं न बघता आपापल्या जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ते जीपमध्ये बसून निघून गेले.

पुढं सोसायटीची सभा झाली. ती शांतपणे झाली असं नाही, पण मारामारीही झाली नाही. सुंदररावांनी रक्तदाबाचं कारण सांगून चेअरमनपद सोडलं. ऊस कापला गेला आणि चारा म्हणून छावणीतच आला. कारखान्यावरचं त्यांचं संचालकपद मात्र तसंच राहिलं आणि लग्नातला पहिला मानही हळूहळू त्यांच्याकडं परत गेला. बंकटला कुणी काढलं नाही, कारण दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता.

हवाई दलाचे साहेब अपघाताची चौकशी करायला आले तेव्हा त्यांनी चतुराबाईला आणि छबुबाईला वेगवेगळ्या तंबूत बसवून एकेकीला विचारलं. चतुराबाईला ते फार आवडलं. ओढ्यातल्या मेल्या जनावरांवर घारी जमतात हे तिनं सांगितलं, आणि ती पुरायला जेसीबी लावून देता का, हेही विचारून घेतलं.

पाऊस त्या साली आलाच नाही. अर्ध्या वाडीचं आजही म्हणणं आहे की ढग विमानानंच पळवले. चतुराबाई त्यांच्याशी वाद घालत नाही. पाऊस कशानं गेला हे तिलाही ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते ती कुणाला पटवायला जात नाही.

दिवाळीला शिवकन्या आली. तिच्या कानावर सगळं बीडला आधीच गेलं होतं. छावणीतल्या पालात आईच्या शेजारी बसून तिनं भाकरी खाल्ली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या पोराला मारू दिलं न्हाईस ते बरं केलंस." चतुराबाई खरं ते बोलली, "मला फक्त इचारायचं होतं गं." शिवकन्या म्हणाली, "ठाऊक हाय." आणि आईच्या ताटात आपली अर्धी भाकरी टाकली. तेवढ्यावर केजचा विषय संपला असं नाही. पण त्या खेपेला पोरगी दोन दिवस जास्त राहिली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छावणीचं पाणी बायकांच्या दूध संस्थेकडं आलं आणि टँकर उतरवून घ्यायचं काम चतुराबाईकडं. पहिल्याच सकाळी टँकर आला, तिनं झाकण उघडून आत डोकावलं, हौदात पाणी सोडायला सांगितलं. मागं वळून बघते तर छबुबाई एक लांब काठी घेऊन टँकरच्या शिडीवर चढत होती.

"काय करतीस गं?"

"पाणी कुठवर हाय बघते."

"मी बघितलं की आत्ता."

"तू बघितलंस," छबुबाई म्हणाली, "मी कुठं बघितलं?"

चतुराबाईला ते लागलं.  मग पुढं होऊन तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, कारण छबुबाईचं गुडघ्याचं दुखणं जुनं होतं आणि शिडी हलत होती.